खांबावरचा आकडा कुणाचा?

आमच्या बसस्थानकासमोरच्या चौकात दोन वर्षांपूर्वी एक खांब उभा राहिला. वर पांढरी पेटी, खाली लाल अक्षरांची पाटी. पाटीवर तापमान, आर्द्रता, त्याखाली हवेचा एक आकडा आणि त्याच्या शेजारी एक शब्द. बहुतेक दिवशी तो शब्द 'समाधानकारक' असतो. आम्ही सात-आठ जणी पहाटे फिरायला जातो. थंडीच्या दिवसांत त्याच चौकात आमचे डोळे चुरचुरतात, नाकाला पदर लावावा लागतो. कचरा डेपो एके काळी गावाबाहेर होता, आता गावच त्याच्यापर्यंत जाऊन पोचलं आहे आणि रात्री कधीतरी तो धुमसायला लागतो. शेजारच्या काकूंचा नातू सातवीत आहे. त्याची शाळा सातची. डिसेंबर-जानेवारीत त्याच्या दप्तरात डब्याबरोबर दम्याचा पंपही असतो.

एकदा काकू त्या पाटीखाली थांबल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, ही पाटी कुणाच्या नाकानं वास घेते?"

प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही असं मी ठरवलं. बचत गटाच्या कामामुळे सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या मला नवीन नाहीत. आमच्या पालिकेचं नाव इथे घेत नाही, थोड्याफार फरकानं सगळीकडे असंच असतं. तिथल्या एका भल्या लिपिकानं सांगितलं, "ताई, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं, आपल्याकडे नसतं." कॉम्प्युटर कुणाचा, असं विचारल्यावर म्हणाला, "एजन्सीचा." एजन्सी कुठे असते? तर पुण्याला. म्हणजे खांब आमचा, हवा आमची, खोकला आमचा आणि वही पुण्याला!

हे खांब आले कुठून, ते आधी सांगते. केंद्र सरकारनं जून २०१५ मध्ये 'स्मार्ट सिटी' अभियान सुरू केलं, शंभर शहरांसाठी. ते मार्च २०२५ मध्ये संपलं. मधल्या काळात २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. त्यात मुंबई-पुण्याबरोबर जालना, लातूर, जळगाव, अकोला, सांगली, चंद्रपूर अशी महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. या आणि अशा योजनांमधून गावोगावी मोजणारी यंत्रं बसली. कुठे हवेची, कुठे पाण्याच्या मुख्य जलवाहिनीवर, कुठे घंटागाडीत. कचराकुंडी भरली की कळवणारीसुद्धा. उद्घाटनाचे फोटो आपण पेपरात पाहिले. मोजलेलं कुठे जातं, हे फारसं कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि पहिल्याच अर्जात माती खाल्ली. मी लिहिलं, 'चौकातील हवा पहाटे खराब असताना पाटीवर समाधानकारक का दाखवतात आणि पालिका यावर काय करणार आहे?' उत्तर दोन ओळींचं आलं: सदर बाब प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने माहितीच्या व्याख्येत बसत नाही. राग आला, पण नंतर कायदा वाचला तेव्हा चूक माझीच निघाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ सालीच सांगितलं आहे, की 'का' हा प्रश्न माहितीत मोडत नाही. कार्यालयाकडे जो कागद, जी नोंद आहे, ती मागायची. कारणं मागायची नाहीत. आपण बायका कारणं विचारायला सरावलेल्या! उशीर का झाला, मीठ जास्त का पडलं, हेच आयुष्यभर ऐकत आणि विचारत आलो. ती सवय या एका फॉर्मपुरती सोडायची.

मैत्रिणींनो, कायद्याची ती दोन पानं तुम्हीही एकदा स्वतः वाचाच. आपल्या राज्यात माहितीचा कायदा २००२ साली झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा लागू झाला. तेव्हा कुणाच्या डोक्यात चौकातला हवा मोजणारा खांब नसणार. तरी कलम २ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली आधारसामग्री आहे. 'अभिलेख' म्हणजे काय हे सांगताना संगणकानं किंवा अन्य कोणत्याही उपकरणानं तयार केलेलं साहित्य असं स्वच्छ लिहिलं आहे. अन्य कोणतंही उपकरण! त्यात आमचा खांब बसतो. पुढे असंही आहे, की माहिती संगणकात असेल तर ती फ्लॉपी, टेप किंवा दुसऱ्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक रूपात मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. फ्लॉपी केव्हाच गेली, हक्क आहे तिथेच आहे. आणि ज्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसले ते शब्द असे, की माहिती सरकारी प्राधिकरणाच्या ताब्यात 'किंवा नियंत्रणाखाली' असली तरी चालते. वही पुण्याला असेना का, ती कुणाच्या पैशानं आणि कुणाच्या करारानं लिहिली जाते?

इथे मला राजस्थानातल्या बायकांची आठवण येते. १९९० च्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावोगाव जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामावर राबलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका म्हणाल्या, आमचं मस्टर दाखवा. मस्टर वाचलं गेलं तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी लागलेली निघाली, जे काम झालंच नाही त्याचं बिल निघालेलं दिसलं. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. माहितीच्या कायद्याची मुळं तिथं आहेत. आजचं मस्टर यंत्र लिहितं, एवढाच काय तो फरक.

दुसरा अर्ज मी नीट केला. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा. जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. माहिती कशाला हवी, हे लिहायची गरज नाही. कुणी विचारलं तर कलम ६(२) दाखवायचं. मी मागितलं ते असं: शहरातल्या सहाही हवा मापन यंत्रांच्या १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी या काळातल्या मूळ नोंदी, जितक्या मिनिटांनी नोंद होते तितक्या, सरासरी न काढता, एक्सेलमध्ये, सीडीवर. यंत्रं बंद असलेल्या दिवसांची नोंदवही. यंत्रांची अचूकता तपासल्याचे अहवाल. एजन्सीबरोबरच्या करारातली माहितीच्या मालकीबद्दलची पानं. अर्ज आवक-जावकला देऊन पोच घेतली. पोच मी देवघरातल्या डब्यात ठेवते, तिथून काही हरवत नाही.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. अडतिसाव्या दिवशी पत्र आलं: माहिती १,३२६ पानांची असून दोन रुपयांप्रमाणे २,६५२ रुपये भरावेत. मी कलाशाखेची. गणिताशी माझं दहावीतच बिनसलं. तरी कागद-पेन्सिल घेऊन बसले. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला ९६. असे ९२ दिवस, म्हणजे एका खांबाच्या ८,८३२ ओळी. पानावर चाळीस ओळी धरल्या तर २२१ पानं. सहा खांबांची १,३२६. हिशोब चोख होता हो! फक्त मी कागद मागितलेच नव्हते, सीडी मागितली होती. आणि दुसरं म्हणजे, तीस दिवसांची मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) मध्ये आहे.

वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केलं. सुनावणीला मी आणि काकू गेलो. अपिलीय अधिकारी शांत गृहस्थ होते. जन माहिती अधिकाऱ्यांनी दोन मुद्दे मांडले. एक, आकडे एजन्सीच्या क्लाउडवर आहेत. दोन, ते व्यापारी गुपित आहे. क्लाउड म्हणजे ढग हे कळल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "आमच्याकडचा धूर गेला म्हणायचा तिकडे." मी 'नियंत्रणाखाली' हे शब्द वाचून दाखवले. व्यापारी गुपिताचं कलम कायद्यात आहे, ते नाकारून चालणार नाही. यंत्र कसं बनवलं हे एजन्सीचं गुपित असू शकतं. पण आमच्या चौकात पहाटे साडेपाचला किती धूळ होती, हे कुणाचं गुपित? चार खांबांचे आकडे सीडीवर विनाशुल्क द्या, असा आदेश झाला. बाकी दोन खांब 'तांत्रिक अडचणी'मुळे बाजूला राहिले.

भाच्यानं एक्सेल उघडून दिलं आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून ओळी वाचल्या. पाटीचं कोडं तिथे सुटलं. पाटी खोटं बोलत नव्हती, ती सरासरी सांगत होती. आपल्या देशात हवेचा निर्देशांक काढताना बारीक धुळीची चोवीस तासांची सरासरी धरतात. ही धूळ अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढी. ती नाकातल्या केसांना जुमानत नाही, थेट फुप्फुसात उतरते. देशाच्या मानकानुसार दिवसाची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलेली मर्यादा १५ आहे. आता समजा, पहाटे चार ते आठ ही धूळ १८० राहिली आणि उरलेले वीस तास ३५. सरासरी येते ५९. पाटीवर शब्द येणार 'समाधानकारक'. पण १८० हा आकडा दिवसभर राहिला असता तर त्याच पाटीवर 'अतिशय वाईट' झळकलं असतं. आणि आमची मुलं रस्त्यावर असतात ती त्या चार तासांत.

घरात कुणाला ताप आला की आपण काय करतो? सकाळी किती, दुपारी किती, रात्री किती, असा तक्ता लिहून डॉक्टरांना दाखवतो. सकाळी १०३ आणि संध्याकाळी ९८, म्हणजे सरासरी शंभर, बरं आहे, असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जाऊ का? सरासरी चुकीची नाही. वर्षभरात शहराची हवा सुधारली की बिघडली, हे कळायला ती लागतेच. मात्र खिडकी कधी उघडायची, पोराला कधी बाहेर पाठवायचं, हे ठरवायला तासातासाचे आकडे लागतात. ते यंत्राकडे असतात, पाटीपर्यंत येत नाहीत.

त्या ओळींमध्ये आणखी एक गोष्ट होती: रिकाम्या जागा. डेपोजवळच्या खांबाच्या रकान्यात मधूनमधून रात्रीच्या रात्री कोऱ्या. कुणी मुद्दाम बंद केलं असं मी म्हणणार नाही, वीज आमच्याकडे जातेच. पण यंत्र बंद असल्याची नोंदवही मी मागितली होती आणि 'अशी नोंदवही ठेवली जात नाही' हे लेखी उत्तर मिळालं. ते उत्तरही मी त्याच डब्यात ठेवलं आहे. नसलेल्या कागदाचा दाखला कधीकधी असलेल्या कागदाहून उपयोगी पडतो.

अधिकाऱ्यांची एक बाजू मात्र मला पटली. ते म्हणाले, "मॅडम, ही यंत्रं स्वस्तातली आहेत. धुक्यात जास्त आकडा दाखवतात." हे खरं आहे. प्रदूषण मंडळाची मोठी केंद्रं वेगळी आणि खांबावरची ही लहान पेटी वेगळी. लहान पेटीत प्रकाशाचा झोत सोडून कणांवरून तो किती विखुरतो ते मोजतात. दवाचा थेंबही त्याला धूळच वाटतो. म्हणजे माझ्या पहाटेच्या मोठ्या आकड्यांत थोडं धुकंही असणार. म्हणून तर अचूकतेचे अहवाल मागितले होते! लहान पेटी मोठ्या केंद्राशेजारी काही दिवस ठेवून ताळा घेतला का? घेतला असेल तर अहवाल द्या. नसेल तर तसं लिहून द्या. मग 'समाधानकारक' हा शब्दही तितकाच कच्चा, हे मान्य करावं लागेल. तपासणी नसलेल्या काट्यावर आपण सोनं सोडा, कांदेही घेत नाही.

'वही एजन्सीकडे आहे' हे उत्तर फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्टॅनवुड आणि सेड्रो-वूली या दोन लहान गावांनी गाड्यांच्या नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे बसवले होते. एका नागरिकानं तिथल्या सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्याखाली त्यांतली छायाचित्रं मागितली. गावांचं म्हणणं, ती कंपनीच्या संगणकावर आहेत, पोलिसांनी उतरवून घेतल्याशिवाय ती आमची नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं सांगितलं, की गावाच्या कामासाठी टिपलेली ही छायाचित्रं सार्वजनिक अभिलेखच आहेत, कंपनीकडे असली तरीही. ते वाचून मला आमची सुनावणी आठवली.

पण त्या निकालानं माझ्या पोटात गोळाही आला. हवेचा आकडा सगळ्यांना मिळाला तर कुणाचं नुकसान नाही. कॅमेऱ्यातलं चित्र सगळ्यांना मिळालं तर? संशयी नवरा अर्ज करील, की अमुक दिवशी बसस्थानकाच्या कॅमेऱ्यात कोण दिसलं ते द्या. माहेरी आलेली मुलगी कुठे जाते, कुणाशी बोलते, हे कुणीही दहा रुपयांत काढील. त्या दोन्ही गावांनी खटला चालू असताना कॅमेरेच बंद ठेवले होते. त्याच देशातल्या सॅन डिएगो शहरानं २०१६ साली तीन हजारांहून जास्त 'स्मार्ट' दिव्यांना मंजुरी दिली. सांगितलं होतं की रहदारी मोजू, पार्किंग मोजू. दिव्यांत कॅमेरे होते. २०१८ पासून पोलीस ते चित्रीकरण वापरू लागले आणि लोकांना त्याचा पत्ता २०१९ मध्ये लागला. ओरड झाल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये महापौरांनी ते बंद करायला सांगितलं. २०२३ मध्ये नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा जोडून असे कॅमेरे पुन्हा मंजूरही झाले. मोजायला बसवलेलं यंत्र पाहायला कधी लागतं, ते कळत नाही.

म्हणून मी अर्जात खांबाबद्दल विचारते, माणसाबद्दल नाही. आपल्याकडे कायद्याचं कलम ८(१)(ञ) माणसांच्या खासगी माहितीला संरक्षण देतं. पूर्वी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली माहिती, अशी अट होती. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं ती काढली आणि नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागू झाला. आता कुठलीही 'व्यक्तिगत माहिती' म्हटली की नकार देता येतो. व्यापक जनहिताची वाट कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ती पटवून द्यावी लागते. कॅमेऱ्यापुरतं हे संरक्षण मला हवंसं वाटतं. मात्र उद्या त्याच्या आडून कंत्राटाचं बिल कुणी मंजूर केलं, हे नाव झाकलं गेलं तर? मस्टरवरची खोटी नावंही एका अर्थी व्यक्तिगतच होती. बदल करणाऱ्यांनी हा विचार करायला हवा होता, असं माझं मत आहे.

तुमच्या गावात हवेचा खांब नसेल. पण घंटागाडीत जीपीएस आहे का, बघा. आमच्या गटातल्या एकीनं तिच्या वॉर्डच्या घंटागाडीची एका महिन्याची मार्गाची नोंद मागितली. गाडी रोज येते असं बिलात होतं, जीपीएसच्या नोंदीत आठवड्यातून तीनदा. पुढच्या सोमवारपासून गाडी रोज यायला लागली. अपीलही करावं लागलं नाही! पाण्याच्या टाकीवर मीटर असेल तर कुठल्या भागाला किती वाजता किती वेळ पाणी सुटलं, तेही नोंदलेलं असतं. पहाटे तीनला पाण्यासाठी उठणाऱ्या बाईइतका त्या आकड्यांवर हक्क कुणाचा?

आमचा खांबाचा मामला अजून मिटलेला नाही. उरलेले दोन खांब आणि अचूकतेचे अहवाल यांसाठी द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाकडे केलं आहे. तिथे गेल्या काही वर्षांत लाखाच्या आसपास प्रकरणं पडून असल्याचं 'सतर्क नागरिक संगठन'च्या अहवालांत दिसतं, तेव्हा माझा नंबर कधी लागेल ते देवाला ठाऊक. माहिती अडवणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड कायद्यात आहे, पण तो लावायला आधी तारीख पडायला हवी.

तोवर आम्ही एक केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. ते मुलांच्या झोपेसाठी होतं. पाचवीच्या पुढच्यांना ते लागू नाही. चार खांबांचे तासातासाचे आकडे एका कागदावर मांडून मी आणि काकू मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे पालिकेचेच आकडे ना?" मी म्हटलं, "पालिकेचेच. सही-शिक्क्याचं पत्र आहे." पालक-शिक्षक सभा येत्या शनिवारी आहे. थंडीचे दोन महिने मोठ्या मुलांची शाळा उशिरा भरवायचा विषय त्यांनी स्वतःच्या अक्षरात सूचनेत लिहून घेतला.